खरवंडीकरांच्या दाराची घंटा

वाढत्या वस्तीच्या एका शहरात एकदा एक वृद्ध गृहस्थ घरांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थी करीत असत. आडनाव खरवंडीकर, पण लहानथोर सारे त्यांना काकाच म्हणत. त्यांच्यामार्फत घर घेतलेली माणसे पुढे मुलीसाठी स्थळ पाहतानाही त्यांचा सल्ला विचारायला येत. एवढा विश्वास त्या व्यवसायात फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

उतारवयात काकांनी एक शिष्या हाताशी घेतली. तिचे नाव हर्षदा. पूर्वी ती मोबाइलच्या दुकानात नोकरीला होती. घरांचे छोटे व्हिडिओ काढून ते इन्स्टाग्रामवर टाकण्यात तिचा हातखंडा होता. काकांच्या जुन्या पाटीवर नव्या काळाची माणसे थांबत नाहीत, हे तिने पहिल्याच आठवड्यात हेरले.

"काका, लोक आता वाचत नाहीत, बोटानं वर सरकवतात. पहिल्या तीन सेकंदांत ते बोट थांबलं पाहिजे," ती सांगे.

"तीन सेकंदांत मला माझा चष्मासुद्धा सापडत नाही," काका म्हणत. पण ते तिला अडवीत नसत. तिचे काम त्यांना मनापासून आवडत असे.

एके दिवशी कुलथे सरांनी आपला फ्लॅट विकायला काढला. सर गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नीने त्याच सोसायटीतल्या दोन पिढ्यांना हार्मोनियम शिकवली होती. तिथे त्यांना कोणी नावाने हाक मारीत नसे, 'पेटीच्या बाई' म्हणूनच त्या ओळखल्या जात. दोघांना आता मुलीच्या गावी, तिच्या शेजारी राहायला जायचे होते. सरांनी कारण एवढेच सांगितले आणि काकांनीही पुढे विचारले नाही.

हर्षदा व्हिडिओ काढायला गेली तेव्हा सरांनी दार उघडले, घर दाखवले आणि ते पत्नीला घेऊन खाली बागेत गेले. घर स्वच्छ होते, उजेड भरपूर होता. पण हर्षदाची नजर खिळली ती दारावर. आतल्या बाजूने पितळेची लहानशी घंटा बांधलेली होती. दार हलले की ती किणकिणे. आणि अगदी वर, टाचा उंचावल्याशिवाय हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी, एक नवी कोरी कडी बसवलेली होती. हर्षदाला तिचे तीन सेकंद सापडले. व्हिडिओची सुरुवात तिने घंटेच्या आवाजाने केली, मग कॅमेरा सावकाश कडीकडे नेला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'या दाराला घंटा, आणि कडी इतक्या उंचावर? ओळखा पाहू का?'

लोकांना ओळखायला सांगितले की लोक ओळखतातच. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ शहरभर फिरला. खाली प्रतिसादांची रांग लागली. एकाने विचारले, देऊळ विकायला काढलंय का? दुसऱ्याने लिहिले, आत जे आहे ते बाहेर येऊ नये म्हणून कडी. तिसऱ्याने जाहीर केले की हा भुताचा फ्लॅट, भाव पाडून मागा. हर्षदाने प्रत्येकाला हसरा चेहरा पाठवला, कारण उत्तर दिले की व्हिडिओ आणखी पुढे जातो, हे तिला ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलथे सर कार्यालयात आले. काकांनी खुर्ची पुढे केली, तरी ते उभेच राहिले.

"हिला विसरण्याचा आजार आहे," ते म्हणाले. "पहाटे उठते आणि क्लासला उशीर झाला म्हणून निघते. क्लास बंद होऊन कितीतरी वर्षं झाली. घंटा वाजली की मला जाग येते. कडी तिच्या हाताला लागू नये म्हणून वर बसवलीय."

हर्षदाने हातातला फोन टेबलावर पालथा ठेवला.

"सोसायटीत हे कोणाला सांगितलेलं नाही. इथून निघताना तिला पेटीच्या बाई म्हणूनच निरोप मिळावा, एवढीच माझी इच्छा होती. आता जिन्यात लोक हसून विचारतात, सर, घंटा कशाला हो? आज-उद्या कोणीतरी बरोबर ओळखेल." त्यांनी हर्षदाकडे पाहिले. "मुली, तुझ्यावर रागावलो नाही मी. तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

ते रागावले असते तर हर्षदाला सोपे गेले असते. तिने त्यांच्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचला होता, एजंटांच्या ग्रुपवरही फिरत होता. तिथून तो परत बोलावणे कोणाच्याच हातात नव्हते.

सर गेल्यावर ती म्हणाली, "काका, मी माफीचा व्हिडिओ करते. सगळं खरं सांगते. भूत नाही, आजार आहे म्हणून. लोक समजून घेतील."

"नको," काका म्हणाले.

"पण चूक माझी आहे. मला कबूल करायचीय."

"सरांच्या घरी जाऊन कर. फोनवर नको." एवढे बोलून त्यांनी टोपी घातली आणि ते बाहेर पडले.

तासाभराने ते परतले ते सुताराला घेऊनच. सोबत पितळेची एक घंटा होती, सरांच्या घरच्या घंटेहून मोठी. सुताराने ती कार्यालयाच्या दाराला टांगली. मग काकांनी त्याला चौकटीच्या अगदी वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूने कडी बसवायला सांगितली. काका उंचीने बेताचे. सुतार म्हणाला, "काका, तुमचा हात पोहोचायचा नाही." काका म्हणाले, "स्टूल आहे की."

मग ते हर्षदाकडे वळले. "आता मला चित्रात घे. मी स्टुलावर चढून कडी लावतो. आणि खाली लिही, आमच्या दाराला आजपासून घंटा. येताना वाजवून या."

हर्षदाला काही उमजेना. सरांच्या घरची घंटा लोकांच्या चेष्टेचा विषय झाली आहे आणि हे वृद्ध गृहस्थ त्याच घंटेची नक्कल करून खेळ मांडताहेत, असे तिला वाटले. तरी तिने सांगितले ते केले. स्टूल डगमगले, काकांची टोपी तिरकी झाली, कडी तिसऱ्या खटपटीत लागली. त्यातले तिने काही कापले नाही, कारण काकांनी तशी ताकीदच दिली होती.

तो व्हिडिओ पहिल्यापेक्षा जास्त चालला. 'काका, देऊळ काढलंत की काय?' असे कोणी लिहिले, तर काका उत्तर सांगत आणि हर्षदा टाइप करी, 'होय, प्रसादाला चहा आहे, या.' एजंटांच्या ग्रुपवर त्यांना घंटावाले काका हे नाव पडले. एका प्रतिस्पर्ध्याने लिहिले, 'वय झालं की असंच होतं.' त्याच्याखाली काकांनी लिहायला लावले, 'तुमचंही होवो, शंभर वर्षं जगा.' येणारा-जाणारा गंमत म्हणून घंटा वाजवू लागला. रोज संध्याकाळी काका स्टुलावर चढून कडी लावीत आणि समोरच्या पानटपरीवरचे लोक ते पाहायला थांबत.

आठवडाभरात कुलथे सरांच्या जिन्यातला सूरही बदलला. तळमजल्यावरच्या साठे वहिनी त्यांना म्हणाल्या, "अहो सर, ते त्या खरवंडीकरांचंच खूळ निघालं. घंटा काय, कडी काय. तुमच्या दारालाही त्यांनीच लावायला लावली असणार." सर नुसते हसले. त्यानंतर कोणी विचारले नाही.

त्या दिवशी हर्षदाने धीर करून विषय काढला. "काका, सगळं शहर तुम्हाला हसतंय. तुम्हाला वाईट वाटत नाही?"

काकांनी चष्मा पुसला. "लोकांना हसायला एक घंटा मिळाली होती. ती मी त्या घरातून उचलून माझ्या दाराला आणून टांगली. मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. सरांच्या दाराबद्दल कोणी थेट विचारलं असतं, तर माझ्या गिऱ्हाइकाच्या घराविषयी मी बोलत नाही, एवढंच उत्तर मिळालं असतं."

"आणि माझी माफी का नको होती?"

"तुझी माफी ऐकायला हजारो लोक जमले असते, आणि ऐकता ऐकता सगळे बघत बसले असते त्या बाईंकडे. मन मोकळं तुझं झालं असतं, किंमत त्यांनी मोजली असती." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "हे बघ, घर विकायला काढलं तरी लगेच रिकामं होत नाही. त्यात माणसं झोपतात, औषधं घेतात, भांडतात, विसरतात. आपल्याला आत घेतात ते भिंती दाखवण्यासाठी. भिंतींवर जे टांगलेलं असतं ते त्यांचं. त्याचं काय करायचं, हे आधी त्यांना विचारावं. तुझं काम उत्तम आहे, हर्षदा. फक्त बोट थांबवण्याआधी आपण थांबावं."

हर्षदा संध्याकाळी सरांच्या घरी गेली. बाईंनी तिला जुनी विद्यार्थिनी समजून सारेगम म्हणायला लावले. तिने ते बेसूर का होईना, पूर्ण म्हटले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून तिने सरांची क्षमा मागितली. सर म्हणाले, "तुझा गंधार चुकतो." एवढ्यावर तो विषय संपला.

फ्लॅटचा नवा व्हिडिओ तिने सरांना शेजारी बसवून, त्यांना दाखवत तयार केला. त्यात खिडक्या होत्या, गच्चीवरून दिसणारी टेकडी होती, नळाला येणारे पाणी होते. पाहणारे कमी होते, पण त्यांच्यातूनच एक शिक्षिका आली आणि महिन्याभरात घर तिचे झाले.

निघायच्या सकाळी सारी सोसायटी खाली उतरली होती. साठे वहिनींनी बाईंची ओटी भरली. पूर्वीचे विद्यार्थी, आता मोठी माणसे झालेले, वाकून पाया पडत होते. बाई एकेकाला विचारत होत्या, "रियाज करतोस ना?" आणि प्रत्येक जण हो म्हणत होता. त्या कोणाला ओळखत होत्या आणि कोणाला नाही, हे फक्त सरांना आणि हर्षदाला कळत होते.

"एक फोटो काढ गं," सर म्हणाले.

हर्षदाने काढला. बाईंचा हात एका मुलाच्या डोक्यावर होता आणि चेहरा उजळलेला होता. तिच्या व्यवसायात असा फोटो नशिबानेच मिळतो. शेजारच्या तरुणाने विचारलेही, "ताई, कुठे टाकताय? मला टॅग करा."

"सरांचा आहे तो," ती म्हणाली. तिने फोटो सरांना पाठवला, तो पोहोचल्याची खात्री केली, आणि आपल्या फोनमधून पुसून टाकला. काका थोड्या अंतरावर गाडीत सामान चढवून घेत होते. त्यांनी पाहिले, आणि दोरीची गाठ आणखी घट्ट केली.

दुसऱ्याच्या घरात फोन उंचावण्याआधी आपणही घरमालकाला एवढे विचारावे: यातले काय दाखवायचे नाही?