वेराभाभींची मेणबत्ती

मिरजेजवळच्या एका गावात सदबा नावाचा भोळा गवई राहत होता. गळा सोन्याचा, पण डोकं सांगितल्यापलीकडे जात नसे. एका सकाळी तो तंबोऱ्याला नवी तार चढवत असताना निरोप आला, गुरुजी गेले.

गुरुजींची एकच इच्छा राहिली होती. तरुणपणी रशियात ऐकलेलं एक अंगाईगीत त्यांनी सदबाला शिकवलं होतं. ते त्यानं पहिल्या पुण्यतिथीला गावं.

गुरुजींच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "चाल येतेच तुला. उच्चार तेवढे शुद्ध कर बाबा. ह्यांना अशुद्ध खपायचं नाही."

मिरजेत सतारी करणाऱ्या एका घरात रशियाहून सून आली होती, वेराभाभी. भाभींकडे उच्चार होते, गळा नव्हता. सदबाचं उलट. पुण्यतिथी जवळ आली तसा तो त्यांच्याकडे गेला. भाभींनी त्याच्या तोंडापुढे मेणबत्ती धरली.

"'प' म्हण. ज्योत हलता कामा नये."

घरी बायको म्हणाली, "अहो, चूल विझतेय. जरा फुंका." सदबा चुलीपुढे बसून हलकेच 'प, प' म्हणत राहिला. चूल विझली.

"कर्म माझं! विस्तवापुढे बसलं की छाती भरून फुंकावं!"

दुसऱ्या दिवशी भाभींनी मेणबत्ती धरली. सदबानं छाती भरून फुंकलं. मेण भाभींच्या ओढणीवर.

भाभी म्हणाल्या, "मेणबत्ती राहू दे. गीतातली ही पुढची अक्षरं मऊ आहेत, हसऱ्या ओठांनीच येतात. ओठ फाकव. तोंडावरचं हसू मोडू नकोस."

सदबानं हसू मोडलं नाही. सगळे उच्चार बरोबर आले. माहेरची भाषा ऐकून भाभींना रडूच आलं.

परतताना गावातल्या शंकरअप्पांच्या दारात माणसं दिसली. अप्पांची आई गेली होती. सदबा आत जाऊन बसला, हसू न मोडता. अप्पांनी दंडाला धरून त्याला बाहेर काढलं.

"लाज वाटते का? गेलेल्या माणसासाठी चार माणसं जमली की मान खाली घालावी, तोंड उघडू नये!"

"हे आधी कुणी सांगितलंच नाही," सदबा म्हणाला.

पुण्यतिथीला मांडव भरला. गुरुजींच्या फोटोला हार घातला. काकू अगदी पुढे बसल्या, शेजारी वेराभाभी. तंबोरे जुळले. सदबानं समोर पाहिलं. गेलेल्या माणसासाठी माणसं जमली होती.

त्यानं मान खाली घातली आणि तोंड मिटलं.

तंबोरे वाजत राहिले. मांडवात पदर डोळ्यांना लागले. "काय ही गुरुभक्ती! बिचाऱ्याला कंठच फुटेना."

बऱ्याच वेळानं काकूंनी भाभींकडे वळून हळूच विचारलं, "आणि उच्चार?"

"एकही चुकला नाही," भाभी म्हणाल्या.

अंगाई गायची राहिली.