काळ्या पडद्याचा लॅपटॉप

“…म्हणजे लॅपटॉप सोळा जीबीचा घेऊ की बत्तीसचा, एवढंच सांगा सर.”

ऋतुजा काळदातेनं विचारलं खरं, पण उत्तर ती घरूनच ठरवून आली होती. सर ‘बत्तीस’ म्हणणार. मग ती तिथूनच दादांना, म्हणजे वडिलांना, फोन लावणार आणि सरांनाच बोलायला लावणार.

अत्तारसरांनी तिच्या आवाजाकडे मान वळवली.

अमीन अत्तार एके काळी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. दृष्टी गेली तसे ते डोंगरावरच्या दर्ग्यामागच्या खोलीत येऊन राहिले. अडलेले लोक अजूनही चढ चढून त्यांच्याकडे येत. ऋतुजाच्या मार्गदर्शक बाईंनीही तिला बजावलं होतं, “आधी अत्तारसरांना भेटून ये. मग तुझ्या उल्कांच्या प्रकल्पाचं बोलू.”

प्रकल्प मिळून बरेच दिवस झाले होते. काम मात्र जागचं हललं नव्हतं. मनासारखा लॅपटॉप आल्याशिवाय हात लावणार नाही, असा तिचा हट्ट. विद्यापीठात पहिली आलेली पोरगी ती! दादांची आष्टीला रसवंती. त्यांनी ओळखीच्या दुकानातून वापरलेला, पण धड चालणारा लॅपटॉप आणून दिला होता. तिनं तो पिशवीतून बाहेरही काढला नव्हता. आज संध्याकाळी दादा तो परत करणार होते.

“करायचंय काय त्याच्यावर?” सरांनी विचारलं.

“संशोधन.”

“ते नाव झालं, बेटा. करायचं काय?”

ऋतुजानं फोनमध्ये लिहून आणलेली यादी उघडली.

“प्रोसेसर नवा लागेल,” ती जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. “ग्राफिक्स कार्ड लागेल. स्क्रीन तर एकदम चांगला लागेल. स्वस्तातल्या मशीनवर काय दिसणार सर?”

सर हसले. “ये. माझा बघ.”

खिडकीशी टेबल होतं. त्यावर दोन लाकडी पट्ट्यांवर उचलून ठेवलेला जुना लॅपटॉप. खालून वारा खेळायला जागा. कळांवरची अक्षरं झिजून गेलेली. एक वायर खिडकीतून वर छपरावरच्या अँटेनाकडे गेली होती.

पडदा काळा होता.

“सर, हा बंद आहे.”

“चालू आहे. हात ठेवून बघ.”

तिनं तळवा टेकवला. कोमट लागलं. आत पंखा बारीक श्वास घेत होता.

“पण स्क्रीन…”

“घेतला तेव्हाच गेलेला होता. दुकानदार भंगारात काढणार होता. म्हटलं, मला द्या. स्क्रीन माझ्या काय उपयोगाचा? बाकीचं मात्र नीट तपासून घेतलं. मेमरी वाढवायला जागा आहे का, बॅटरी बदलता येते का, कळा अडकत तर नाहीत. जुनी डिस्क काढून एसएसडी टाकली. झालं.”

“मग यावर तुम्ही करता काय?”

सरांनी लॅपटॉपचा आवाज वाढवला आणि ओठांवर बोट ठेवलं.

भर दुपार. स्पीकरमधून नुसती खरखर येत होती, दूरवर वाळू चाळावी तशी. ऋतुजानं चुळबुळ केली. घड्याळाकडे पाहिलं. दादांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तो तिनं बाजूला सारला.

खरखर… खरखर…

टिऽऽऊं.

बारीक, उतरत गेलेली शीळ. आली आणि विरली.

“हे काय होतं?”

“उल्का.”

“आत्ता? दिवसाढवळ्या?”

“लांब, क्षितिजापल्याड एक रेडिओ केंद्र आहे. त्याच्या लहरी एरवी इथं पोचत नाहीत. उल्का जळत गेली की तिच्यामागं विजेनं भारलेली एक रेघ राहते. लहरी त्या रेघेवर आपटतात आणि क्षणभर इथं येतात. ऊन असो, ढग असो.”

ऋतुजा खिडकीशी गेली. आभाळ उन्हानं पांढरं पडलं होतं. एक घार घिरट्या घालत होती. बाकी काही नाही. काही म्हणजे काहीच नाही.

टिऊं.

मग पुन्हा. आणि मग एक लांब, थरथरत आलेली… संपतच नव्हती.

उल्कांवर तिनं जाडजूड पुस्तकं वाचली होती. गच्चीवर पडून किती तरी पाहिल्याही होत्या. पण आज सकाळी डोक्यावर ओढणी घेऊन ती हा डोंगर चढत होती, तेव्हाही वर हे चाललं होतं… हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं कधी.

“सर, हे… रोज?”

“रोज.”

ती खाली फरशीवरच बसली. किती वेळ बसली कोण जाणे. मधेच पंख्याचा सूर बदलला, तसा सरांनी यंत्रावर हात ठेवला.

“तापलाय. धूळ धरली त्यानं. चल, साफ करू.”

“मी करते सर.”

सरांनी चाचपत कळा दाबून यंत्र बंद केलं, वायर काढली, तिच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि मऊ ब्रश दिला. “पंख्याला बोट लावून धर, गरगर फिरू देऊ नकोस. आणि तापतोय म्हणजे दुसरे प्रोग्रॅम भरलेत असं समजू नकोस, भरलेले नाहीत. त्याला एकच काम दिलंय मी. म्हणून टिकलाय.”

तिनं पाठ उघडली. पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकर साचली होती. अर्ध्यातच तिनं ब्रश ठेवला आणि धुळीच्या हातानंच फोन लावला.

“दादा, तो लॅपटॉप परत नका देऊ… हो, तोच. मला लागणारे तो… नाही हो, रडत नाहीये.”

फोन ठेवला, तशी खोलीतली शांतता तिला एकदम जाणवली. ती खरखरही नव्हती. तिनं खिडकीतून वर पाहिलं आणि तिचा हात भराभर चालू लागला.

“सर… एवढ्या वेळात किती निसटल्या असतील?”

सरांनी उन्हाकडे तोंड फिरवलं.

“त्या कुठं निसटतात, बेटा… आपण निसटतो.”