तरवड आणि कासविंदा

कोण्या एका माळाच्या कडेला एक गाव होतं. तिथे तान्हाई आणि रेवू या दोघी जावा राहत. रेवू धाकटी, नुकतीच लग्न होऊन दूरच्या मुलखातून आलेली. सासऱ्यांना उष्णतेचा त्रास होता, म्हणून ती रोज माळावरून तरवडाची पिवळी फुलं आणून त्यांना काढा करून देई.

एके सकाळी काढा घेतल्यावर सासऱ्यांना उलट्या झाल्या. तान्हाईच्या मनात पाल चुकचुकली. "परक्या मुलखातली ही. काढ्यात काय घालते, कुणी पाहिलंय?" असं ती सासऱ्यांदेखत बोलू लागली.

दुसऱ्या दिवशी ती गुपचूप रेवूच्या मागे गेली. रेवू प्रत्येक झुडपापाशी थांबे, पान चुरगळून नाकाशी नेई, मगच फुलं तोडी. काही झुडपांना तर हातही लावत नसे. आडोशाला उभ्या तान्हाईच्या मनात आलं, 'पानांवर मंत्र टाकते ही बया!'

घरी येताच तिने बजावलं, "उद्यापासून फुलं मी आणणार."

"जाऊबाई, जरा बघून आणा हं. तिथं..."

"मला शिकवू नकोस!"

तान्हाईने पिवळं दिसेल ते तोडलं आणि काढा उकळला. पेला सासऱ्यांपुढे धरला, तोच चुलीशेजारच्या डहाळ्या रेवूला दिसल्या. धावत येऊन तिने पेला हिसकावला नि अंगणात ओतला.

"बघा मामंजी! माझ्या काढ्याने बरं वाटलं तर हिचं बिंग फुटेल ना!" तान्हाई ओरडली.

रेवू चुलीपाशी गेली. तिने तिथल्या दोन डहाळ्या उचलून पुढे केल्या. "फुलं सारखीच दिसतात, जाऊबाई. पण तरवडाच्या देठाशी हे कानासारखं गोल पान असतं. या दुसऱ्याला नाही. हा कासविंदा, पोटात गेला तर विषारी. चुरगळून बघा."

तान्हाईने पान चुरगळलं. इतकी घाण आली की तिने तोंड फिरवलं.

"मग त्या दिवशी उलट्या कशाने झाल्या?" तिचा आवाज खाली आला होता.

सासऱ्यांनी मान खाली घातली. "बाजारात शिळी भजी खाल्ली होती. तुम्ही रागवाल म्हणून बोललो नाही. पोरीवर आळ आला, तरी गप्प बसलो."

तान्हाईने अंगणात सांडलेल्या काढ्याकडे पाहिलं. आपल्याच हाताने आपण काय पाजणार होतो, हे आता तिला उमगलं.

"रेवू," ती म्हणाली, "मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत राहिले गं. फुलाकडे एकदाही पाहिलं नाही."

तात्पर्य: संशयाने माणसावर पाळत ठेवण्यापेक्षा समोरची वस्तू नीट पारखावी, आणि खरं ठाऊक असेल त्याने वेळेवर बोलावं.