ढोलीवरची खूण

कांडोळीच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात एक सुतारपक्षी राहत असे, आणि त्याने कोरलेल्या ढोल्यांना तोड नव्हती. हे मी नाही म्हणत बरं का, मुलांनो, सगळं रान म्हणायचं. साळुंक्या, पिंगळे, खारी, ज्यांना पिलांसाठी घर हवं ते त्याच्याकडे येत. त्याची कामाची रीत ठरलेली होती. आधी चोचीने खोड ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. मग राहणारीला विचारायचं, "बाई, तुला भीती कुणाची?" आणि मग तिच्या खांद्याएवढंच दार कोरायचं, तेही कांडोळीवर, कारण कांडोळीची साल इतकी गुळगुळीत की रानमांजराची नखं तिच्यावर ठरत नाहीत. मोबदला एवढाच की कुठल्या झाडात किडे लागलेत ते सगळ्यांनी त्याला सांगायचं. त्यावर त्याचं पोट चाले.

एका उन्हाळ्यात ओढ्यापलीकडे दुसरा सुतारपक्षी आला. काम कसं करतो देव जाणे, पण एका वाळक्या फांदीवर सकाळपासून असा काही दणदणाट करायचा की आख्ख्या रानाचे कान तिकडे. झालं! आपल्या सुतारपक्ष्याच्या जिवाला घोर लागला. उद्या सगळे तिकडे गेले तर? आपल्याला किडे कोण दाखवणार? आपलं नावच कुणाला आठवलं नाही तर? त्याचं खाण्यात लक्ष लागेना. चोच लाकडावर असायची आणि कान ओढ्यापलीकडे.

त्यात भेटला कावळा. फुकटचा सल्ला द्यायचा म्हटलं की हा सगळ्यांत पुढे. तो म्हणाला, "अरे, काम काय कुणीही करतं. हे घर तुझं आहे हे लांबून दिसायला नको? काहीतरी खूण कर." सुतारपक्ष्याला ते पटलं. घाबरलेल्याला काय, काहीही पटतं. त्याने दाराभोवती नक्षी कोरली आणि दारापासून थेट बुंध्यापर्यंत खाचांची एक देखणी माळ उतरवली. येणारेजाणारे थबकून वाहवा करू लागले. आता तो प्रत्येक घरावर खूण कोरू लागला, आणि राहणारीला काही विचारायचं मात्र हळूहळू राहूनच गेलं. तेवढा वेळ कुणाला होता?

अशातच एक साळुंकी आली. तिचे दिवस भरत आले होते. घर तयार झालं तशी तिने ती माळ वरून खालपर्यंत पाहिली आणि चाचरत म्हणाली की सुतारदादा, घर छान आहे, पण या खाचा एवढ्या खालपर्यंत नसत्या तर बरं. त्याने तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. खूण नसली तर हे काम कुणाचं ते कसं कळणार, असं म्हणून तो पुढच्या झाडाकडे उडाला. अडला हरी! साळुंकीने तिथेच अंडी घातली, आणि पुढे त्यातून पिलं बाहेर आली.

एका दुपारी साळुंकी चारा आणायला गेली होती. सुतारपक्षी समोरच्या फांदीवर बसला होता, आपली खूण कोण कोण बघतंय ते बघत. हे त्याचं रोजचंच झालं होतं. इतक्यात झाडाखाली एक रानमांजर आलं, थांबलं आणि खाचांच्या माळेकडे टक लावून बघू लागलं. सुतारपक्षी मनातून सुखावला. बघा, रानमांजरसुद्धा बघत राहिलं! तेवढ्यात मांजराने पहिल्या खाचेत पंजा अडकवला. मग दुसरीत. आपण काय करून बसलो ते सुतारपक्ष्याला तेव्हा कळलं.

मांजर सरसर वर चढत होतं. आत पिलं आई आली असं समजून चोची उघडून ओरडत होती. सुतारपक्षी जिवावर उदार होऊन मांजरावर तुटून पडला. त्याच्या नाकावर, पंजांवर, जिथे मिळेल तिथे चोच मारत राहिला. मांजराने एक फटकारा दिला आणि त्याची शेपटी उपटून काढली. पण त्या नादात त्याचा खाचेतला पंजा सुटला, गुळगुळीत सालीवरून ते घसरत खाली आदळलं आणि लंगडत निघून गेलं.

साळुंकी परतली तेव्हा सुतारपक्षी बुंध्याशी पडला होता. त्याने तिला सारं सांगितलं, काही लपवलं नाही. ती आधी वर जाऊन पिलं बघून आली. मग म्हणाली, "दादा, पिलांना टाकून निर्धास्तपणे चाऱ्याला जाता यावं, एवढंच मला हवं होतं. ते तू विचारलंच नाहीस."

सुतारपक्षी खोडाला धरून बसतो तो शेपटीच्या टेकूवर. शेपटी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर पोटाला नाही. शेपटी पुन्हा उगवेपर्यंत साळुंकीच त्याला भरवत राहिली. शेपटी आल्यावर त्याने पहिलं काम कुठलं केलं असेल? कांडोळीचा डिंक गोळा केला आणि एकूणएक झाडावरच्या खाचा चोचीने लिंपून गुळगुळीत केल्या. कावळा म्हणाला की वेड्या, आता तुझं नाव कुठे उरलं? सुतारपक्षी चोचीला लागलेला डिंक पुसत राहिला. भीती तर त्यालाही वाटतच होती.

पुढच्या उन्हाळ्यात एक पिंगळीण घर शोधत आली. ओढ्यापलीकडे दणदणाट चालूच होता. तिने साळुंकीला विचारलं की चांगला सुतार कोणता, त्याची काही खूण आहे का? साळुंकीची पिलं आता मोठी होऊन शेजारच्याच फांदीवर भांडत होती. तिने त्यांच्याकडे बोट दाखवावं तशी चोच केली आणि पिंगळिणीला सुतारपक्ष्यापाशी आणून सोडलं.

पलीकडचा आवाज ऐकून सुतारपक्ष्याच्या छातीत अजूनही धडधडलं. पण त्याने खोड ठोकलं, कान देऊन ऐकलं आणि पिंगळिणीकडे वळून विचारलं, "बाई, तुला भीती कुणाची?"

तात्पर्य : ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांची काळजी आधी करावी, आपल्या नावाची काळजी मग तेच करतात.