मासोळीची खूण

कोण्या एके काळी, ज्या काळातल्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, एका रुंद नदीच्या काठी येसाई नावाची बाई राहत होती. होड्यांच्या फटी बुजवायला ती राळेचा लेप करायची. तो उन्हात तडकत नसे, पाण्यात सुटत नसे. लेपाच्या प्रत्येक मडक्यावर ती चुन्याने एक मासोळी काढायची. नावाडी ती मासोळी बघूनच मडकं उचलायचे.

पुढे गिरमाजी नावाचा दुकानदार तशीच मासोळी काढून स्वतःचा लेप विकू लागला. त्यात राळ थोडी आणि राखच जास्त.

येसाईची सून म्हणाली, "आत्याबाई, पंचांच्या कानावर घाला."

"असू दे गं. मासोळी काय, कुणीही काढेल. त्यालाही पोट आहे."

पावसाळा आला. भर नदीत तुका नावाड्याच्या होडीची फट उघडली. माणसं कशीबशी पोहून काठाला लागली, पण होडी गेली. दुसऱ्या दिवशी म्हातारा तुका मडकं घेऊन येसाईच्या दारात आला.

तिने लेप बोटावर चोळून पाहिला. "तुकादादा, हा माझा नाही."

"मला कसं कळणार बाई? मासोळी तर तुझीच आहे."

येसाई तशीच उठली आणि पंचांकडे गेली.

पंचांनी बोलावल्यावर गिरमाजी म्हणाला, "नदीतली मासोळी हिच्या एकटीची कशी?"

वडीलधाऱ्या पंचाने जमलेल्या नावाड्यांना विचारलं, "मडक्यावर मासोळी दिसली की तुम्हांला कोण आठवतं?"

"येसाई," सगळे म्हणाले.

"मग गिरमाजी, तू लेप विकत नव्हतास. हिच्यावरचा विश्वास विकत होतास. तुकाला नवी होडी बांधून दे. यापुढे ही खूण येसाईशिवाय कुणी काढायची नाही." मग तो तिच्याकडे वळला. "आणि येसाई, तुला ठाऊक होतं. मग तू गप्प का राहिलीस?"

"मला वाटलं, नुकसान माझंच होतंय," ती खाली मान घालून म्हणाली.

गिरमाजीने पुढे मडक्यांवर कासव काढलं. पण ती मडकी कुणी घेईना. येसाई मात्र बाजाराच्या दिवशी दुकानादुकानांतून फिरून मासोळीचं प्रत्येक मडकं उघडून बघू लागली.

तात्पर्य: आपल्या कामाची खूण जपणं म्हणजे त्या खुणेवर विसंबलेल्या माणसांना जपणं.