लाइफबोटीतली एकच जागा

समुद्रसंशोधनाचं जहाज उद्या रत्नागिरीहून चाळीस दिवसांसाठी सुटणार होतं, आणि जहाजाच्या डॉक्टर हेमांगी तांडेल यांना संस्थेच्या संचालकांचं फिटनेस सर्टिफिकेट काही केल्या पटेना. दहा पायऱ्या चढून धापा टाकणाऱ्या माणसाचा रक्तदाब कागदावर मात्र कोवळ्या पोरासारखा!

"साहेब, बाही वर करा. मी एकदा बघते."

"नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलंय मला," धारवाडकर साहेब गुरकावले. "बारा फेब्रुवारी, सकाळी अकरा. शिक्का दिसत नाही? मुकाट्यानं सही करा, नाहीतर दुसरा डॉक्टर आणतो!"

भर समुद्रात यांना काही झालं, तर दवाखाना पाच दिवस लांब. बाईंची नजर केबिनच्या भिंतीवर गेली. तिथे साहेबांनीच हौसेनं लावायला लावलेला फोटो होता. याच जहाजावर साहेब नारळ फोडताहेत, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, 'या मोहिमेचा मुहूर्त : बारा फेब्रुवारी, सकाळी अकरा.'

बाईंनी पेन उघडलं.

"करते की सही! पण साहेब, त्या दिवशी अकरा वाजता एक धारवाडकर नागपुरात तपासून घेत होते आणि दुसरे इथे नारळ फोडत होते. लाइफबोटीत तुमच्या नावाची जागा एकच आहे. वेळ आलीच, तर दोघांपैकी कुणाला बसवू?"

साहेबांनी फोटोकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि गुपचूप बाही वर सरकवली. रक्तदाब निघाला एकशे नव्वद.

"नागपूरचे साहेब ठणठणीत आहेत, त्यांना खुशाल येऊ द्या," पट्टा सोडत बाई म्हणाल्या. "तुम्ही मात्र उतरा."