काचेत भाजलेली अक्षरं

एकदा एका कापडवाल्याला व्हिडिओ गेमचं जुनं मशीन विकत घ्यायची हुक्की आली. हसू नका. पन्नाशीत माणसाला कसलीही हुक्की येते. कुणी पेटी शिकायला बसतो, कुणी डोंगर चढायला लागतो. ह्याला मशीन हवंसं वाटलं, आणि त्यामागे कारण होतं.

कापडवाल्याचं नाव विरूपाक्ष. तालुक्याच्या गावी भर पेठेत त्याचं दुकान. लहानपणी तो आणि त्याचा थोरला भाऊ, ज्याला तो अण्णा म्हणायचा, एसटी स्टँडमागच्या पार्लरमध्ये विमानांचा गेम खेळायला जात. कपाटाएवढं उभं मशीन, मध्ये काच, खाली एक दांडी आणि एक बटण. अण्णा दांडी धरून विमान चालवायचा आणि धाकटा बटण दाबून गोळ्या सोडायचा. एकाच खेळात दोघांचे हात! पुढे पार्लर बंद पडलं. गेल्या वर्षी अण्णाही गेला. त्यानंतर काही महिन्यांनी पार्लरमालकाच्या गोदामातलं ते मशीन भंगारात निघाल्याचं विरूपाक्षाच्या कानावर आलं आणि तो हातातला कापडाचा तागा तसाच टाकून धावला. टेम्पोत घालून मशीन घरी आणलं तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

हे मी मुद्दाम आधी सांगतो आहे, कारण पुढे तो स्वतःच हे विसरला.

त्याच्या दुकानाला लागून भालचंद्राचं भांड्यांचं दुकान. दोघे शाळेपासूनचे मित्र. विरूपाक्षाची हौस बघून भालचंद्रालाही हौस आली आणि त्याने पुण्याहून त्याच गेमचं दुसरं मशीन आणलं. दोन्ही मशीनं बंद, आणि दुरुस्तीच्या नावाने दोघांनाही शून्य ज्ञान. मग दोघे सरांकडे गेले. सर म्हणजे आयटीआयमध्ये अनेक वर्षं रेडिओ-टीव्ही शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बोलणं मोजकं, चहा मात्र अमर्याद. त्यांनी दोघांना शिष्य करून घेतलं. दर रविवारी येऊन त्यांनी दोन्ही मशीनं हळूहळू बोलती केली, आणि मग उरलेली डागडुजी शिष्यांवर सोपवली.

सरांचा एक दंडक होता. मशीनची पाठ उघडण्यापूर्वी एक डाव खेळायचाच. "खेळल्यावाचून दुखणं कळत नाही," असं ते म्हणत.

भालचंद्र डाव खेळे, हरे, स्वतःलाच हसे आणि मग सांगे, "सर, विमान डावीकडे जाताना अडखळतंय." सर मान डोलावत. विरूपाक्ष कधी खेळलाच नाही. तो सरळ पाना घेऊन मागे जायचा. सरांनी विचारलं तर म्हणायचा, "खेळू हो सर, आधी नीट तरी होऊ दे."

एका रविवारी सरांनी भालचंद्राच्या मशीनवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा!"

बस, एवढंच. पण ते 'वा' विरूपाक्षाच्या कानातून काळजात गेलं आणि तिथेच रुतून बसलं. आपल्याला का नाही म्हणाले? मशीन आधी कोणी आणलं? हौस आधी कोणाची? मत्सर हा असा पाहुणा आहे, वाचकहो, की तो टेकायला म्हणून ओसरीवर येतो आणि संध्याकाळपर्यंत माजघरात पसरतो.

भालचंद्राने मशीनला तांबडा रंग दिला होता. विरूपाक्षाने नुकताच हिरवा दिला होता. तो हिरवा वाळायच्या आत त्याने वरून तांबडा फासला, आणि व्हायचं तेच झालं. रंगाला सुरकुत्या पडल्या. पुन्हा खरवडलं, पुन्हा घाई, पुन्हा सुरकुत्या. भालचंद्राने वरच्या पाटीत दिवे बसवले, तर ह्याने त्याहून झगझगीत आणले. भालचंद्राने नवी दांडी लावली, तर ह्यानेही चांगली चालणारी दांडी काढून तसलीच लावली. दांडी आणि बटण ज्यात बसवतात ती लाकडी फळी तेवढी जुनी राहिली, कारण भालचंद्रासारखी फळी अजून मिळाली नव्हती. गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि ह्याचे डोळे शेजारच्या दुकानात. बायकोने एकदा स्पष्टच विचारलं, "अहो, तुम्ही मशीन दुरुस्त करताय, की भालूभाऊजींच्या पाठी लागलाय?"

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो खेकसला. खरं म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

अखेर काचेवरून ठिणगी पडली. विरूपाक्षाच्या मशीनची काच जुनी, पार्लरची. चित्र उमटायचं, पण त्यामागे फिकट अक्षरांचा एक कायमचा डाग दिसत राहायचा. भालचंद्राची काच आरशासारखी स्वच्छ. विरूपाक्ष तावातावाने सरांकडे गेला.

"सर, मला काच बदलून पाहिजे. ह्या डागामुळे सगळ्या मेहनतीवर पाणी पडतंय. भालूचं नशीब बघा! त्याला आयती चांगली मिळाली."

"तुला त्याची काच हवी?" सरांनी विचारलं.

विरूपाक्ष गडबडला. पण मनातलं तोंडावर आलंच. "हवी."

आता सरांनी रागवावं की नाही? चार शब्द सुनावावेत की नाही? त्यांनी तसलं काही केलं नाही. ते चपला घालून भालचंद्राकडे गेले आणि म्हणाले, "भालू, तुझी काच ह्याला दे आणि ह्याची तू घे. दोन्ही एकाच मापाच्या आहेत."

भालचंद्राने क्षणभर दोघांकडे पाहिलं. "घे की लेका! त्यात काय एवढं?" असं म्हणून तो पाना शोधायला आत गेला. सरांनी दोन्ही मशीनं उघडून स्वतःच्या हाताने काचा बदलल्या. विरूपाक्षाला आनंद झाला, पण भालूने खळखळ केली नाही ह्याचंही त्याला आत कुठेतरी वाईटच वाटलं. ज्याचं हिसकावून घ्यायचं, त्यानेच हसत देऊन टाकलं की घेण्यातली निम्मी चव जाते.

दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला पेठेतली दुकानं सजली. दोघांनी आपापली मशीनं दुकानात मांडली. पूजा झाली, लोक लाह्या-बत्तासे घ्यायला येऊ लागले. विरूपाक्ष नवा सदरा घालून आपल्या चकचकीत काचेशेजारी उभा राहिला. लोक येत, "छान आहे हो," म्हणत आणि पुढे जात.

इतक्यात शेजारून आरोळी आली. "अरे, हे बघा! हे तर आपल्या पार्लरचं मशीन!"

त्यांच्याच वयाच्या एका गृहस्थाला काचेवरची फिकट अक्षरं दिसली होती आणि पार्लरपासूनचा तो डाग त्याने ओळखला होता. बघता बघता तिथे घोळका जमला. टक्कल पडलेले, ढेऱ्या सुटलेले लोक पोरांसारखे काचेला नाक लावून बोलू लागले. "आठवतं का रे, शाळा बुडवून जायचो?" "माझ्या बापाने ह्याच मशीनसमोरून मला कानाला धरून नेलं होतं!" भालचंद्र बिचारा सारखा सांगत होता, "अहो, ही काच विरूची आहे," पण त्या गलक्यात ऐकतो कोण?

विरूपाक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काच माझी! ते पार्लर माझं, माझ्या अण्णाचं! मग त्याच्या लक्षात आलं की आता त्याला हेवा वाटतो आहे तो आपल्याच टाकून दिलेल्या वस्तूचा. लाज वाटली, तरी जळणं थांबेना.

पाडव्याला सकाळी तो सरांच्या पाया पडायला गेला आणि पाया पडता पडताच म्हणाला, "सर, माझी काच मला परत द्या."

"माग त्याच्याकडे. आत्ता देईल," सर म्हणाले. "पण आधी चल."

ते त्याला घेऊन भालचंद्राच्या दुकानात गेले. भालचंद्र फराळाचं ताट आणायला आत वळला. सरांनी मशीनचं बटण बंद केलं. काच काळी झाली.

"वाच," सर म्हणाले.

दिवसाच्या उजेडात त्या बंद काचेत अक्षरं स्पष्ट दिसत होती. विरूपाक्षाने वाचली. "इन्सर्ट कॉइन. म्हणजे नाणं टाका."

"ही पाटी मशीन केव्हा दाखवतं?"

"कोणी खेळत नसतं तेव्हा."

"मग ऐक," सर म्हणाले. "विमान उडत असतं तेव्हा काचेवर डाग पडत नाही, कारण हलणारं चित्र एका जागी बसत नाही. कोणी खेळायला नसलं की मशीन एकच पाटी धरून तासन् तास उभं राहतं, आणि तीच काचेत भाजली जाते. काल लोकांना तिथे त्यांचं बालपण दिसलं, ते त्यांच्या मनातलं. काचेवर लिहिलंय ते एवढंच, की इथे कोणी खेळत नव्हतं. विरू, मशीन आणल्यापासून तू एक तरी डाव खेळलास का? तुझ्यापुढे दिवसरात्र भालूचा रंग, भालूचे दिवे, भालूची काच. एकच पाटी! ती भाजली बाबा आत. मी काच बदलून दिली ती ह्यासाठीच. बदलूनही डाग तसाच राहिला, तर तो काचेवर नव्हता हे तुझं तुलाच कळावं."

सर विरूपाक्षाचा दंड धरून त्याच्या दुकानात आले. सुरकुतलेल्या तांबड्या रंगाचं मशीन तिथे उभं होतं. सरांनी त्याचा हात उचलला आणि बटणाशेजारच्या जुन्या फळीवर टेकवला. तिथे लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं, थोडं खोलगटही. शेकडो पोरांची बोटं तिथे टेकली होती. पलीकडे दांडीपाशीही तसंच झिजलेलं.

"खेळलेलं इथे राहतं," सर म्हणाले. "हे बदलायला निघाला होतास तू."

विरूपाक्षाने दांडीपाशी झिजलेल्या जागेवर बोटं ठेवली. तिथे अण्णाचा तळवा टेकायचा. त्याच्या तोंडून हुंदका बाहेर पडला आणि त्याने तो दाबला नाही. अण्णा गेल्यानंतर इतक्या दिवसांत तो असा रडला नव्हता. भालूच्या मशीनकडे बघण्यात सवडच कुठे मिळाली होती?

दारात भालचंद्र ताट घेऊन उभा होता. काय झालं ते त्याला कळेना. "काच परत पाहिजे का रे?" त्याने घाबरून विचारलं. "आत्ता बदलू."

"काच राहू दे," विरूपाक्ष सदऱ्याने डोळे पुसत म्हणाला. "ताट खाली ठेव आणि इकडे ये. दांडी धर."

"आणि तू?"

"मी बटण दाबतो. बटण माझं."

सर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी एक चकली उचलली. पहिलं विमान लगेच पडलं. दुसरंही पडलं. "अरे, डावीकडे घे, डावीकडे!" विरूपाक्ष ओरडत होता आणि भालचंद्र हसून वाकडा होत होता. रंगाच्या सुरकुत्या तशाच होत्या, दिवे जरा जास्तच झगमगत होते. सर आपल्याशीच म्हणाले, "वा." ते दोघांपैकी कोणालाच ऐकू गेलं नाही.

आपल्याही काचेवर कोणाची पाटी भाजते आहे का, ते मशीन बंद करून एकदा उजेडात बघावं. आणि मग उगीच काच बदलत न बसता शेजाऱ्याला खेळायला बोलवावं.